‘अटॅक आला आणि गेले’

परवा मानखुर्दला अण्णाभाऊ साठे नगरमध्ये एका घरी बसले होते. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, मोरीपाशी निळं पिंप, आणि आम्ही तिघी दारातच सतरंजीवर, कारण दुपारी पत्र्याखाली आत बसवत नाही. त्या बाईंचे मिस्टर जाऊन चार महिने झाले होते. काय झालं होतं त्यांना, असं विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई ओ मॅडम, अटॅक आला आन् गेले." आणि पदराला हात पुसत गप्प बसल्या.

माझं काम, म्हणजे गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन तो कशाने गेला याची माहिती घ्यायचं, तिथून सुरू होतं. टॅबवर एकेक प्रश्न येतो आणि तो विचारायचा. ताप होता का? नव्हता, म्हणजे संध्याकाळी जरा अंग कोमट लागायचं. खोकला? "खोकला काय, नेहमीचाच." नेहमीचा म्हणजे कधीपासून? "दिवाळीपासून असंल." आणि गेले कधी, तर एप्रिलमध्ये. म्हणजे साडेपाच-सहा महिने माणूस खोकत होता आणि तो खोकला घरात इतका मुरला होता की आजार म्हणून कोणाच्या लक्षातच आला नाही. मग पुढचा प्रश्न, वजन कमी झालं होतं का. त्या जरा विचारात पडल्या, उठल्या, आणि दारामागच्या खिळ्यावरून एक पट्टा काढून आणला. कमरेचा साधा काळा रेक्झिनचा पट्टा. त्याला कंपनीची पाच भोकं आणि त्यांच्या आतल्या बाजूला अजून चार, वाकडीतिकडी, कडा जळलेल्या. "ही मीच पाडली, गॅसवर खिळा तापवून. हे संक्रांतीला. हे त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी. हे शिमग्याला. आन् हे शेवटचं, मग काय पॅन्ट घातलीच न्हाई त्यांनी, लुंगीच."

टॅबवर त्या प्रश्नाला तीनच उत्तरं आहेत, हो, नाही, माहीत नाही. मी हो दाबलं, आणि शेवटी जो मोकळा भाग असतो, जिथे घरच्यांच्या शब्दांत सगळी हकिगत लिहायची असते, तिथे पट्ट्याबद्दल सगळं लिहिलं, चारही भोकं, सणांसकट.

या प्रकाराला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात, आम्ही नुसतं व्हीए म्हणतो. मराठीत कोणी शाब्दिक शवविच्छेदन वगैरे लिहितं, पण वस्तीत जाऊन तसलं काही बोललं तर लोक दार लावून घेतील, आम्ही सांगतो की आजारपणाची माहिती घ्यायला आलोय. ज्याने शेवटचे दिवस केलं-सवरलं त्याच्याशी बोलायचं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली आहे, चार आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर एक, त्यापुढे अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांची दुसरी, आणि बारा वर्षांवरच्या सगळ्यांची तिसरी. तेराव्याच्या आधी आम्ही कोणाकडे जात नाही, मुस्लिम घर असेल तर चाळिसावा होऊ देतो, आणि फार उशीरही करत नाही कारण वर्ष उलटलं की माणसं विसरतात, किंवा विसरत नाहीत पण गोष्ट घासून घासून गुळगुळीत होते, सगळे तपशील जाऊन "अटॅक आला" एवढंच उरतं. नंतर ती माहिती नाव-पत्ता काढून दोन डॉक्टरांकडे जाते, दोघं वेगवेगळी वाचतात, एकमेकांचं मत त्यांना माहीत नसतं, आणि आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक यादीतला कोड देतात. दोघांचं जुळलं नाही तर परत बघतात, तरी नाही जुळलं तर तिसरा सिनियर डॉक्टर ठरवतो. हल्ली हे काम करणारी सॉफ्टवेअर पण आहेत पण मला अजून डॉक्टरांनी तो मोकळा भाग वाचावा असंच वाटतं, कारण पट्ट्याची भोकं सॉफ्टवेअरला कशी कळणार.

हे सगळं करायची गरज का पडते, तर आपल्याकडे बहुतेक माणसं कशाने जातात याची डॉक्टरने लिहिलेली नोंदच नसते. देशात नोंद होणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकाचंच कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं असतं. वर्ल्ड बँकेच्या हिशेबात आपण लो इन्कम देशांच्या यादीतून कधीच बाहेर पडलो, पण या एका बाबतीत आपलं दुखणं मोझांबिक, मलावीसारख्या देशांशीच मिळतंजुळतं आहे. श्रीमंत देशात माणूस हॉस्पिटलात मरतो आणि मागे फाईल सोडून जातो. आपल्याकडे मागे एक कॅरीबॅग राहते, त्यात दोन एक्सरे, केमिस्टच्या चिठ्ठ्या आणि अर्धी संपलेली खोकल्याची बाटली.

मला या कामात सगळ्यात जास्त शिकवलं ते शब्दांनी. कॉलेजात आजारांची इंग्रजी नावं पाठ केली होती, वस्तीत त्यातलं एकही कोणी बोलत नाही. अटॅक हा शब्द तर एकटाच अख्खं आजारशास्त्र आहे. हार्टचा अटॅक, पॅरालिसिसचा अटॅक, दम्याचा अटॅक, फिटचा अटॅक, आणि नुसताच अटॅक म्हणजे माणूस अचानक गेला, किंवा घरच्यांना अचानक वाटलं. एका अंगावरून वारं गेलं म्हणजे लकवा. पोटात पाणी झालं म्हणजे लिव्हर असू शकतं, मग हळूच विचारायचं की घ्यायचे का, किती वर्षं, डोळे पिवळे झालेले का, आणि हे विचारताना सासू तिथे बसलेली असेल तर सून खरं सांगत नाही, म्हणून सासूला नातवाला घेऊन बाहेर पाठवायचं काम माझ्याबरोबरच्या आरोग्यसेविका ताई करतात. छातीत डाग निघाला होता म्हणजे टीबी. टीबी हा शब्द लग्नाची मुलगी घरात असेल तर मी आजपर्यंत कोणाच्या तोंडून सरळ ऐकलेला नाही. बाळाचं पोट उडत होतं म्हणजे श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडत होता, म्हणजे बहुतेक न्यूमोनिया, आणि हे सांगणारी आई बारकाईने सांगते, किती वेळा, दूध ओढत होतं की नव्हतं, आवाज कसा येत होता, आपण फक्त मधे बोलायचं नाही. बायकांच्या बाबतीत "तिला अंगावरून फार जायचं" हे वाक्य तर पुरुष मुलाखतकार असेल तर निघतच नाही. आमच्याकडे एक खूप चांगला मुलगा होता या कामाला, मनापासून करायचा, पण त्याच्या फॉर्ममध्ये बायका सगळ्या अशक्तपणानेच गेलेल्या असायच्या.

आणि एक शब्द जो रोज, अगदी रोज ऐकते. अंगावर काढलं. "त्यांनी दुखणं अंगावरच काढलं." यात रोजंदारी आहे, सुट्टी घेतली तर मुकादम दुसऱ्याला घेईल ही भीती आहे, सरकारी दवाखान्यातली अर्ध्या दिवसाची लाईन आहे, खाजगी डॉक्टरचे पैसे आहेत, मुलीची फी आहे. प्रश्नावलीत याला रकाना नाही. मी मोकळ्या भागात जसाच्या तसा लिहिते, अंगावर काढलं, म्हणजे वाचणाऱ्या डॉक्टरला कळावं.

आता माझ्या घरातलं सांगते, कारण या कामात मी आले ती त्यामुळे. माझे मामा टॅक्सी चालवायचे, राहायला विक्रोळीला कन्नमवार नगरात. शुगर होती बारा-तेरा वर्षं. शेवटच्या वर्षात बारीक होत गेले, तर सगळे म्हणायचे शुगरमुळे. खोकायचे तर म्हणायचे, दिवसभर धुरात असतात. मी पण म्हटलंय हे, मला चांगलं आठवतंय, त्यांच्या घरी गणपतीत. एका रात्री दम लागला म्हणून जवळच्या एका नर्सिंग होमला नेलं, पहाटे गेले. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरने भरलेला फॉर्म मिळाला त्यावर एकच ओळ, कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. खालच्या ओळी रिकाम्या. त्या वेळी कोणी वाचलं पण नाही, स्मशानात कागद लागतो म्हणून घेतला, मामेभावाने मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला तेवढाच. महापालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यावर तर कारण छापतच नाहीत, कायद्यानेच ते उघड करायचं नसतं, म्हणजे घरात जो कागद कायमचा राहतो त्यावर माणूस कशाने गेला हे नसतंच.

दीड वर्षाने माझ्या वहिनीच्या, म्हणजे मामांच्या सुनेच्या, मानेत गाठ आली. तपासली तर टीबी. डॉक्टर बाईंनी विचारलं घरात कोणाला होता का, सगळे नाही म्हणाले, आणि मग मामीच म्हणाल्या की ह्यांचा एक एक्सरे काढला होता बाई मागे, कोणाला दाखवलाच नाही. गादीखाली होता. डॉक्टर बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि बोट फिरवून दाखवलं, हे इथे, आणि हे इथे, पोकळ्या आहेत. मामांना टीबी होता. शुगर असणाऱ्याला टीबी व्हायचा धोका दुपटी-तिपटीने जास्त असतो हे मला आता माहीत आहे, तेव्हा घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्या नर्सिंग होमला माहीत असायला हवं होतं. त्या एका ओळीच्या खाली जर टीबीची शंका जरी लिहिली असती, किंवा कोणी मामींना नुसतं सांगितलं असतं, तर घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली असती, टीबी होऊ नये म्हणून गोळ्या देतात त्या मिळाल्या असत्या. वहिनी बरी झाली, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला, पण ते सहा महिने घराने कसे काढले ते मी बघितलंय, पाच वर्षांच्या मुलाला आईपासून लांब ठेवायचं की नाही यावरून रोज रडारड, आणि मानेतल्या गाठीच्या टीबीचा तसा संसर्ग होत नाही हे सांगायला पण कोणी नाही.

मेलेल्या माणसाला कारणाचा काही उपयोग नसतो. तो रकाना मागे राहिलेल्यांसाठी असतो. हे मला तेव्हा कळलं.

तो फॉर्म नीट बघितला तर खरं तर फार विचार करून बनवलेला आहे. फॉर्म ४ हॉस्पिटलातल्या मृत्यूसाठी, ४ए घरी झालेल्या मृत्यूसाठी. त्यात ए, बी, सी अशा ओळी असतात. ए मध्ये लगेचचं कारण, बी मध्ये ते कशामुळे झालं, सी मध्ये ते परत कशामुळे झालं, म्हणजे डॉक्टरने पायऱ्या उतरत उतरत तळाशी जायचं, आणि देशाच्या आकडेवारीत मोजतात ते ते तळाचं मूळ कारण. मग खाली वेगळा भाग, अजून काय काय आजार होते त्याचा. मामांचा फॉर्म नीट भरला असता तर पायऱ्या उतरत फुप्फुसाच्या टीबीपर्यंत पोचला असता आणि खालच्या भागात शुगर आली असती. कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला. ते तर प्रत्येकाचंच पडतं. आकडेवारीच्या भाषेत अशा नोंदीला गार्बेज कोड म्हणतात, कचरा, कारण त्यातून काहीच काढता येत नाही.

डॉक्टरांची बाजू पण मी ऐकलीये, आणि ती खोटी नाही. रात्री दोन वाजता वस्तीतल्या डॉक्टरला उठवून नेतात, आजी गेलेली असते, त्याने तिला सहा महिन्यांत बघितलेलं नसतं. कारण माहीत नाही असं लिहिलं तर पोलीस, पोस्टमार्टेम, आणि सगळं घर हात जोडून उभं असतं की डॉक्टर तेवढं नको. मग तो अरेस्ट लिहितो आणि सही करतो. मी त्याच्या जागी असते तर रात्री दोन वाजता काय केलं असतं ते छातीठोक सांगता येत नाही. पण ज्या हॉस्पिटलात पेशंट दाखल होता, रक्त तपासलं, एक्सरे काढला, तिथून तीच ओळ येते तेव्हा मला राग येतो. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा बदलला, त्यात आता प्रत्येक हॉस्पिटलने, सरकारी असो नाहीतर खाजगी, मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला द्यायचं आणि एक प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यायची. ती प्रत मागून घ्या. आणि त्यात एकच ओळ असेल तर विचारा की हे कशामुळे झालं. भांडू नका, फक्त विचारा.

याच शहरात एका डॉक्टरने आजाराचं नाव स्पष्ट उच्चारलं म्हणून काय काय हललं त्याचं उदाहरण आहे. सप्टेंबर १८९६, मांडवीला लोक तापाने आणि जांघेतल्या गाठींनी मरत होते. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पेशंट बघितले आणि सांगितलं की हा गाठीचा प्लेग आहे. ते ऐकायला कोणाला आवडलं नसणार, बंदराचं शहर, सगळा व्यापार. त्यानंतर हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईत आले आणि १८९७ च्या जानेवारीत त्यांनी इथेच बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. व्हिएगसांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर आहे, मी कित्येक वर्षं तिथून बस पकडायचे आणि ते कोण हे माहीत नव्हतं.

व्हीएने काय साधतं असं लोक विचारतात, घरचे पण विचारतात, तर मी सापांचं सांगते. आपल्याकडे जनगणनेच्या कार्यालयाची एसआरएस नावाची पद्धत आहे, देशभरातली ठरावीक गावं आणि वॉर्ड निवडून तिथे दर सहा महिन्यांनी कोण जन्मलं कोण गेलं ते घरोघर बघतात. त्याच घरांमध्ये डॉ. प्रभात झा यांच्या टीमबरोबर मिलियन डेथ स्टडी झाला, १९९८ ते २०१४, साधारण २४ लाख घरं. डॉक्टर नसलेले साधे सर्व्हेवाले गेले, आम्ही बसतो तसेच जमिनीवर बसले, विचारलं. त्यातून निघालं की एकट्या २००५ सालात सर्पदंशाने जवळपास ४६ हजार माणसं गेली. दवाखान्यांच्या नोंदीत यातला अगदी थोडा भाग होता, कारण साप चावतो शेतात, पावसाळ्यात, पायाला, आणि माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, किंवा आधी मांत्रिकाकडे जातो. ही हजारो माणसं आकडेवारीत नव्हतीच. पुढे तेच काम वाढवून केलं तेव्हा २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाखांच्या आसपास मृत्यूंचा अंदाज आला, म्हणजे वर्षाला ५८ हजार. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला, २०२४ मध्ये आपल्या सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा काढला. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की एवढं सगळं कुठल्यातरी बाईने ओट्यावर बसून "रात्री पाणी द्यायला गेले होते, पायाला काहीतरी लागलं म्हणाले" असं सांगितल्यावर सुरू झालं.

माझं आजोळ पोलादपूरकडचं, त्यामुळे सापांपेक्षा विंचवाच्या गोष्टी जास्त ऐकल्या. लाल विंचू चावला की माणूस गेलाच, असं आजी सांगायची, आणि तेव्हा ते बरंचसं खरं होतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. सगळे म्हणायचे विषाने मेला, संपलं. बावस्कर पेशंटच्या उशाशी रात्रभर बसून बघत राहिले की नेमकं काय होतं, घाम, गार पडलेले हातपाय, नाडी, मग फुप्फुसात पाणी, तोंडाला फेस. म्हणजे विषाने मेला हे पण अटॅक आला सारखंच अर्धवट उत्तर होतं. हृदय कमजोर पडून माणूस जातोय हे दिसलं म्हणून प्राझोसिन नावाचं ब्लडप्रेशरचं साधं स्वस्त औषध वापरायचं सुचलं, आणि शंभरातले तीस-चाळीस दगावायचे ते एक-दोनावर आले. एका गावाकडच्या सरकारी डॉक्टरने लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. मला निराश वाटतं तेव्हा मी त्या बिरवाडीच्या खोलीतल्या रात्रींचा विचार करते.

मुंबईतल्या मुंबईतही असं मोठं काम झालेलं आहे, तंबाखूवर. १९९१ पासून पुढे काही वर्षं मतदार याद्या हातात घेऊन घरोघर फिरून दीड लाखाच्या आसपास लोकांना विचारलं की काय खाता, काय ओढता, आणि काही वर्षांनी परत त्याच पत्त्यांवर जाऊन बघितलं कोण आहे, कोण गेलं. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज त्यात मोडीत निघाला, उलट बिडीवाले जास्त गेले. त्या अभ्यासात उच्चभ्रू सोसायट्या सोडून द्याव्या लागल्या होत्या, सिक्युरिटीमुळे. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. चाळीत, झोपडपट्टीत आम्हाला पाणी विचारतात, चहा विचारतात, नवरा गेलेल्या घरात पण विचारतात.

आमच्या मानखुर्द-गोवंडीच्या एम पूर्व वॉर्डात आजारांचा नकाशा काढला तर तो घरांचाच नकाशा निघतो. इथे पुनर्वसनाच्या इमारती आहेत, लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख, एकमेकींना इतक्या खेटून की मधलं अंतर जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर दुपारी बारा वाजता ट्यूबलाईट लावावी लागते. तिथे अभ्यास झाला तेव्हा टीबी खालच्या, अंधाऱ्या मजल्यांवर जास्त निघाला, आणि तिथून जवळच्याच मोकळ्या बांधलेल्या पीएमजीपी कॉलनीत खूप कमी. माणसं तीच, वॉर्ड तोच, हवा आणि ऊन वेगळं. मी त्या इमारतींच्या जिन्यात उभी राहिलेय, भिंतीला हात लावला तर ओल लागते, मे महिन्यात.

आणि दुसरी गोष्ट जेवणाची. झारखंडमध्ये रेशन्स नावाचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला, डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या टीमचा. टीबीच्या २८०० पेशंटना रेशन दिलं आणि त्यातल्या निम्म्या घरांत घरातल्या बाकीच्या माणसांना पण दिलं, महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ, वर व्हिटॅमिनच्या गोळ्या. दहा हजारांवर लोकांवर लक्ष ठेवलं. ज्या घरांत सगळ्यांना मिळालं तिथे नवीन टीबी जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाला. तांदूळ आणि डाळीने. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर खाली ठेवून जरा वेळ नुसती बसले होते. सरकार पेशंटला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये द्यायचं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १००० केलेत, चांगलंच केलं, पण ते पैसे खात्यात पडतात तोवर पेशंटचा अर्धा कोर्स होऊन जातो असं घरोघरी ऐकते, आणि आले तरी आधी उधारी फिटते.

तर साठेनगरच्या त्या घरात मुलाखत संपली. सव्वा तास लागला. मी टॅब बंद केला तशी बाईंनी विचारलं, "मग काय झालं होतं त्यांना?" हे बहुतेक जण विचारतात आणि हे उत्तर मला देता येत नाही, ते डॉक्टरांचं काम, शिवाय कोड लागतो तेव्हा त्याला नाव-गाव उरलेलं नसतं. पण मी एवढं सांगितलं की एवढे महिने खोकला आणि एवढं वजन गेलं म्हणजे नुसता अटॅक नसावा, घरातल्या सगळ्यांनी छाती तपासून घ्या. त्या लगेच म्हणाल्या, पोरगं रात्री खोकतंय. चौदा वर्षांचा आहे, वडील गेल्यापासून सकाळी पेपर टाकतो आणि मग शाळा. अंगावर काढू नका हां, असं मी म्हणाले, तर म्हणाल्या, "आता न्हाई काढत."

आमच्या आरोग्यसेविका ताईंनी डायरीत दोन्ही मुलांची आणि त्यांची नावं लिहून घेतली, मंगळवारी नऊ वाजता हेल्थ पोस्टला यायचं ठरलं, तिथून एक्सरे आणि थुंकीची तपासणी. बाईंनी पट्टा परत खिळ्याला अडकवला. आम्ही चपला घालत होतो तेव्हा मागून आवाज दिला, "ताई, एक्सरेला उपाशीपोटी यावं लागतं का?"

नाही, म्हटलं, जेवून या. तिघंही चांगलं जेवून या.